हा लाँगच्या उपसागरातली साठ फुटी गोम: आधी प्राणी की आधी गोष्ट?

खाडीकाठ

व्हिएतनामच्या उत्तर किनाऱ्यावर, 'हा लाँग' नावाच्या उपसागरात, १८८३ साली एक मेलेलं धूड वाहत आलं. लांबी साठ फूट, रुंदी तीन फूट, डोकं गायब. सगळं अंग पेरापेरांचं. प्रत्येक पेर दोन फूट लांब आणि त्याच्या दोन्ही बाजूंना सव्वादोन फुटांच्या आसपास लांबीचा एकेक काटकुळा अवयव. वरून गडद तपकिरी, खालून पिवळं. काठीने ठोकलं की पत्र्यासारखं वाजायचं. पुढे वास इतका सुटला की लोकांनी ते ओढत खोल समुद्रात नेलं आणि बुडवलं. स्थानिक लोक त्याला 'कॉन रीत' म्हणत. म्हणजे गोम.

ही हकीकत आपल्यापर्यंत आली ती एका माणसाच्या आठवणीतून. फ्रेंच इंडोचायनाच्या समुद्रविज्ञान आणि मत्स्य खात्याचे प्रमुख आर्मां क्रेम्फ यांनी १९२०च्या दशकात एका ५६ वर्षांच्या स्थानिक माणसाकडे चौकशी केली. त्याने तरुणपणी ते धूड हाताने चाचपलं होतं. मधे जवळपास चार दशकं गेली होती. फोटो नाही, हाडाचा तुकडा नाही, त्या वेळचं चित्रही नाही.

आता गंमत बघा. 'लिन्ह नाम चिक क्वाय' हा व्हिएतनामी लोककथांचा जुना संग्रह. वू क्विन्ह या विद्वानाने त्याची प्रस्तावना १४९२ साली लिहिली. त्यात न्गू तिन्ह नावाचा समुद्रातला मत्स्यराक्षस आहे. पन्नास त्रुओंगांहून लांब (एक त्रुओंग म्हणजे दहा-बारा फूट धरा), माणसं गिळणारा, आणि गोमेसारखे असंख्य पाय असलेला!

म्हणजे १८८३च्या जवळजवळ चारशे वर्षं आधीपासून याच समुद्रात गोमेसारखा राक्षस 'होता'. मला प्रश्न असा पडलाय: जुन्या काळी कुणीतरी खरोखर असा प्राणी पाहिला म्हणून गोष्ट झाली, की गोष्ट मनात होती म्हणून १८८३च्या सडक्या धुडात लोकांना गोम दिसली? माझा कल दुसरीकडे आहे, पण पत्र्याचा आवाज काही केल्या डोक्यातून जात नाही. जाणकारांनी लिहावं.

सह्यवारा

भारी विषय! वाचतोय. वाचनखूण साठवली आहे.

शिंपला

प्राणिशास्त्राच्या बाजूने आधी एक दार बंद करून टाकते. साठ फुटी खरीखुरी गोम असू शकत नाही. संधिपाद प्राण्यांना (गोम, खेकडे, किडे यांना) वाढायचं तर कात टाकावी लागते, आणि कात टाकल्यावर काही काळ अंग मऊ असतं. धूड जितकं मोठं, तितका तो काळ जीवघेणा. श्वसनाचीही मर्यादा येते. तीस कोटी वर्षांपूर्वीच्या आर्थ्रोप्ल्युरा या गोमेच्या दूरच्या नातेवाइकाची लांबी अडीच मीटरच्या आसपास होती, आणि त्या गोतावळ्यात त्याच्याहून मोठं काही सापडलेलं नाही. इथे आपण अठरा मीटरबद्दल बोलतोय.

मग उरतो देवमासा. देवमासा कुजला की मांस गळतं आणि पाठीचा कणा उघडा पडतो. त्याच्या मण्यांना दोन्ही बाजूंनी लांब चपटी हाडं फुटलेली असतात, होडीच्या वल्ह्यांसारखी. कवटी जड असते, ती लवकर निखळून तळाला जाते. आता धागाकर्तीचं वर्णन परत वाचा: पेरं, दोन्ही बाजूंना काटकुळे अवयव, डोकं गायब.

शंकासुर

साठ फूट भागिले दोन फूट म्हणजे तीस पेरं, प्रत्येक पेराला पायांची एक जोडी. साठ पाय! दिवाळीत चपला घ्यायला बाहेर पडलेल्या त्या गोमेच्या नवऱ्याचा विचार करून मला रडू येतंय. :)

गलबत

शिंपलाताई, देवमाशाचा कणा हे उत्तर मला अर्धंच पटतं. दोन अडचणी आहेत.

पहिली, माप. सर्वांत मोठ्या निळ्या देवमाशाचाही एक मणका फूट-दीड फुटाच्या पलीकडे लांब नसतो. इथे दोन फूट सांगितलंय. दुसरी, रंग. वरून तपकिरी, खालून पिवळं म्हणजे बाहेर काहीतरी आवरण शिल्लक होतं. नुसता कणा असता तर माणूस हाड म्हणाला असता. आणि हाड पत्र्यासारखं वाजतं का?

शिवाय त्याच भागातले फ्रेंच आरमाराचे वृत्तांत विसरू नका. जुलै १८९७ मध्ये 'आव्हालाँश' या तोफनौकेच्या लेफ्टनंट लाग्रेसीलने हा लाँगला लागून असलेल्या बाय तू लाँगच्या उपसागरात दोन विचित्र प्राणी पाहिले. अंदाजे वीस मीटर लांब, दोन-तीन मीटर जाड. त्यांच्यावर तोफ डागली, ते बुडी मारून गेले. फेब्रुवारी १८९८ मध्ये तेच पुन्हा दिसले, एकदा तर 'बायार' जहाजावरचे अधिकारी आव्हालाँशवर पाहुणे असताना. १९०४ साली 'देसिदे' जहाजावरूनही हा लाँगमध्ये असंच काहीतरी दिसलं. हे शिकलेले दर्यावर्दी होते, लाटेला घाबरणारे नव्हते.

शिंपला

@गलबत, त्या वृत्तांतांत प्राणी श्वास सोडताना पाण्याचा फवारा उडवतो, अंग वर-खाली हेलकावतो आणि डोकं सीलसारखं दिसतं असंही आहे. फवारा उडवणारा आणि वर-खाली वळणारा प्राणी हा सस्तन असतो. मासे आणि साप डावी-उजवीकडे वळतात. म्हणजे फ्रेंचांनी पाहिलेलं काहीही असो, ते गोमेच्या कुळातलं नव्हतं. दोन वेगळ्या गोष्टी एका खुंटीला टांगल्या गेल्यात.

मापाचं म्हणाल तर चाळीस वर्षांनी सांगितलेलं माप मी इंचांत मोजणार नाही.

साखरखाडी

मापावरून लिहावंसं वाटलं. जून २०१५ मध्ये रेवदंड्याला निळा देवमासा किनाऱ्याला लागला होता. आमचं आजोळ तिथून जवळ, त्यामुळे आम्ही सगळी भावंडं बघायला गेलो. बेचाळीस फुटांचा होता. पेपरातही तेच आकडे आले.

मला सगळ्यात लक्षात राहिल्या त्या गळ्याखालच्या वळ्या. हनुवटीपासून पोटापर्यंत लांबीच्या दिशेने गेलेल्या, एकीला लागून एक, आणि मधल्या खाचांत वाळू भरलेली. ज्याने कधी देवमासा पाहिला नाही त्याला हे अंग कुठल्या प्राण्याचं हे कळणारच नाही. त्याचं तोंड कुठे आणि डोळा कुठे हेच शोधत माझा धाकटा मामेभाऊ दोन फेऱ्या मारून आला. डोळा सापडला तेव्हा तो अपेक्षेपेक्षा किती लहान आणि किती खाली होता! कातडी ओली होती तिथे रबरासारखी, सुकली तिथे खपली धरल्यासारखी ताठ.

आता मुद्दा. तोच मामेभाऊ हल्ली मुलांना गोष्ट सांगतो तेव्हा मासा 'चांगला शंभर फुटांचा' असतो. तो खोटं बोलत नाही. त्याला तसंच आठवतं. आणि अजून चाळीस वर्षं झालेली नाहीत.

मीठभाकर

+१ साखरखाडी. जानेवारी २०१६ मध्ये जुहूला आलेल्या ब्राइड्स देवमाशाच्या बाबतीतही आमच्या ऑफिसात प्रत्येकाची लांबी वेगळी.

हनोईत_सध्या

नोकरीनिमित्त इथे राहतो म्हणून थोडी भर. धागा वाचून ऑफिसातल्या व्हिएतनामी मित्रांना कॉन रीतबद्दल विचारलं. समुद्रातली साठ फुटी गोम म्हटल्यावर सगळे माझ्याकडे बघत राहिले. न्गू तिन्ह म्हटल्याबरोबर मात्र तिघांनी एकदम गोष्ट सांगायला सुरुवात केली. कारण ती त्यांच्या मूळपुरुषाची गोष्ट आहे, लाक लाँग क्वानची. जो ड्रॅगन वंशातला, ज्याची बायको आऊ को, ज्यांना शंभर अंडी झाली, पन्नास मुलं आईबरोबर डोंगरात गेली आणि पन्नास बापाबरोबर समुद्राकडे, तोच हा.

न्गू तिन्हची गोष्ट नीट सांगतो. पूर्वसमुद्रात एक दातेरी खडक किनाऱ्याला आडवा गेलेला. खाली गुहा, गुहेत हा राक्षस. त्या पट्ट्यात मासेमारीवर जगणारे समुद्रीलोक होते. मीठ, तांदूळ, कपडे, सुऱ्या-कुऱ्हाडी यांच्या देवघेवीसाठी त्यांची सतत ये-जा असायची, आणि नेमक्या त्या खडकापाशी होड्या उलटायच्या. दुसरी वाट काढावी तर खडक फुटेना. एका रात्री स्वर्गातल्या सिद्धपुरुषांनी लोकांसाठी तो खडक फोडायला घेतला. न्गू तिन्हने पांढऱ्या कोंबड्याचं रूप घेतलं आणि डोंगरावर जाऊन आरवला. पहाट झाली असं समजून सिद्धपुरुष उडून गेले. वाट अर्धवट राहिली.

मग लाक लाँग क्वानने व्यापारी गलबताचा देखावा केला. जलमहालातल्या यक्षांना हुकूम दिला की समुद्रदेवाला लाटा उठवू देऊ नका. गुहेच्या तोंडाशी जाऊन माणूस फेकतोय असं दाखवलं. राक्षसाने जबडा उघडला, तसा त्याच्या घशात लालबुंद तापवलेला लोखंडाचा गोळा टाकला. तो तडफडत उसळला, गलबतावर अंग आपटू लागला. लाँग क्वानने शेपूट छाटली आणि तिचं कातडं डोंगरावर पसरलं, ती जागा बाक लाँग वी, पांढऱ्या ड्रॅगनची शेपटी. टोंकिनच्या आखातात हायफाँगपासून साधारण ११० किलोमीटरवर आजही या नावाचं बेट आहे. डोकं कुत्रा होऊन पळालं. त्याची वाट दगडांनी अडवून त्याला मारलं, त्याचा डोंगर झाला. धड वाहत भलतीकडे गेलं.

माझ्या मते ही आधी जहाजांच्या वाटेची गोष्ट आहे आणि मग राक्षसाची. खडक, अरुंद वाट, बुडणाऱ्या होड्या, व्यापाराचा माल, सगळं अगदी ठोस आहे. ज्यांनी हा लाँग पाहिलंय त्यांना सांगायला नको की तिथे पाण्यातून सरळ वर आलेले चुनखडीचे दीडएक हजारांहून जास्त सुळके आणि बेटं आहेत. धुक्यात त्यातून होडी काढणं म्हणजे काय ते तिथले लोकच जाणोत.

आजीची_पोतडी

कोंबडा! एका रात्रीत पांडव देऊळ बांधायला बसले, कोंबडा आरवला आणि कळस राहूनच गेला, ही गोष्ट आपल्याकडे किती देवळांबद्दल सांगतात. अंबरनाथच्या शिवमंदिराबद्दल तर मी लहानपणापासून ऐकलीय. वाचून अंगावर काटा आला.

आणि यक्षसुद्धा! म्हणजे ही गोष्ट मुळात इथूनच तिकडे गेली असणार. गोष्टीत राक्षसाला माणूस देतोय असं भासवून त्याला मारणं, हा तर आपला बकासुरच झाला.

शंकासुर

आलं. तिसाव्या प्रतिसादाच्या आत 'मुळात आपलंच' येणार याची मला खात्री होती.

आजीची_पोतडी

शंकासुरा, पोरा, मी मालकी सांगत नाहीये. दोन गावांत एक गोष्ट भेटली की आनंद होतो, एवढंच.

गलबत

आजी, आनंद व्हायलाच हवा. फक्त वाट सरळ नाही. व्हिएतनामच्या उत्तरेत यक्ष आले ते चिनी बौद्ध ग्रंथांच्या मार्गाने, आणि हा संग्रह लिहिलाही अभिजात चिनी भाषेत गेलाय. भारताशी थेट दर्यावाटेने आलेला संबंध पाहायचा तर देशाच्या मध्य आणि दक्षिण भागात, चाम लोकांच्या चंपा राज्यात. 'मी सोन' या ठिकाणची शिवमंदिरं चामांचीच. आपल्या पुरातत्त्व खात्याने तिथे डागडुजीचं काम केलं, त्यात २०२० साली नवव्या शतकातलं अखंड वालुकाश्माचं शिवलिंग मिळालं. चाम शिल्पांत मकर भरपूर आहेत. दा नांगच्या चाम संग्रहालयात गेलात तर मकराच्या जबड्यासमोर उभे राहा जरा वेळ. समुद्रातल्या प्राण्याकडे बघायची ती दुसरीच रीत आहे. तिथे तो राक्षस नाही, वाहन आहे, दारावरचा राखणदार आहे.

पण कोंबड्याने अर्धवट ठेवलेलं काम हे कथाबीज जगभर आहे. त्याला पासपोर्ट लागत नाही.

दर्यावर्दी

गलबत यांनी चंपा काढलंच आहे तर माझा अनुभव. दक्षिणेकडच्या फान थिएतला वान थुई तू नावाचं देवमाशाचं देऊळ आहे, १७६२ सालचं. तिथल्या कोळ्यांचा देव का ओंग, म्हणजे देवमासा. बुडत्या होडीला पाठ देऊन किनाऱ्याला आणतो अशी श्रद्धा. राजा झा लाँग गादीवर येण्याआधी, न्ग्वेन आन्ह म्हणून पळापळ करत असताना, त्याला वादळातून देवमाशाने वाचवलं अशी आख्यायिका आहे. मग न्ग्वेन राजांनी देवमाशांना पदव्याच दिल्या.

देवळात बावीस मीटर लांबीचा सांगाडा आहे. आत शिरताना उदबत्तीचा वास आणि त्याखाली जुन्या तेलकट हाडांचा वास. मणके एकामागे एक मांडलेत, मी वाकून एकाकडे बघत राहिलो. बाजूंना फुटलेल्या हाडांच्या कडा पातळ झाल्यात, मधे जाळीसारखी सच्छिद्र. शिंपला यांनी वर सांगितलं तेच. रांगेकडे बाजूने पाहिलं की खरोखर पायांची ओळ वाटते. पण तिथल्या राखणदार काकांना मी हे बोलून दाखवलं (दुभाष्या मुलीच्या मदतीने) तर त्यांना ते मुळीच रुचलं नाही. ओंगला किड्याची उपमा? मी गप्प बसलो.

तिथली रीत अशी: मेलेला देवमासा ज्याला पहिल्यांदा दिसेल तो त्याचा थोरला मुलगा. त्याने सुतक पाळायचं, मुलाने बापासाठी करावं ते सगळं करायचं. पुरलेली हाडं काही वर्षांनी काढून, धुऊन देवळात आणायची. दक्षिण आणि मध्य किनाऱ्यावर गावोगाव अशी देवळं आहेत.

म्हणून मला देवमाशाचा सिद्धांत पटत नाही. ज्या देशातले कोळी देवमाशाची हाडं स्वतःच्या हाताने धुतात, ते सडक्या देवमाशाला गोम म्हणतील? त्यांना देवमासा ओळखता येत नाही हे म्हणणं त्यांच्यावर अन्याय आहे.

खाडीकाठ

दर्यावर्दी, हा फार मोठा मुद्दा मांडलात. शिंपला, यावर?

कोळीवाड्यातला

आमच्याकडे नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ देतात, तो खवळलेला असला तरी आपला. त्यात राक्षस बसलाय असं आमच्या आज्याने कधी सांगितलं नाय. वाऱ्याचं सांगितलं, भोवऱ्याचं सांगितलं, खडकाचं सांगितलं. हनोईवाल्या दादांचं जहाजांच्या वाटेचं म्हणणं मला एकदम पटलं.

आणखी एक. मोठा मासा, कासव जाळ्यात आला की आता आम्ही जाळं कापून सोडतो. वन खात्याच्या कांदळवन कक्षाकडून जाळ्याची २५ हजारांपर्यंत भरपाई मिळते. २०२३ ला गणपतीपुळ्याला देवमाशाचं पिल्लू आलेलं, सगळ्यांनी मिळून समुद्रात ढकललं. जगलं नाही बिचारं.

सह्यवारा

@कोळीवाड्यातला, भरपाईची ही योजना माहीत नव्हती. सरसकट सगळ्या माशांना आहे का?

कोळीवाड्यातला

नाय, कायद्याने संरक्षण असलेल्यांनाच. देवमासा, डॉल्फिन, कासव, बहिरी (व्हेल शार्क) असे. फोटो काढून ठेवावा लागतो सोडताना. पण धागा राक्षसाचा आहे, नंतर विपूत (वेगळ्या निरोपात) बोलू.

शिंपला

दर्यावर्दींच्या प्रश्नावर येते, त्याआधी एक भर. समुद्री गोम फक्त व्हिएतनामची नाही. रोमन काळातला लेखक एलियन याने किनाऱ्याला आलेल्या समुद्री गोमेचं वर्णन केलंय, दोन्ही बाजूंना वल्ह्यांसारखे पाय असलेल्या. रोंदले या फ्रेंच निसर्गअभ्यासकाने १५५४ साली तिचं चित्रही छापलं. म्हणजे हजारो मैलांवरच्या, एकमेकांशी काही संबंध नसलेल्या लोकांनी किनाऱ्यावर तशीच आकृती पाहिली. दोन्हीकडे समान असलेली गोष्ट एकच, देवमासे मरतात आणि कुजतात.

१९६५ साली प्राणिशास्त्रज्ञ बेर्नार हुवेलमान्स यांनी या सगळ्या साक्षी गोळा करून कवचधारी आदिम देवमासा अजून जिवंत असावा असा तर्क लढवला. त्याचा आधार होता प्राचीन देवमाशांच्या जीवाश्मांजवळ सापडलेले कवचाचे तुकडे. ते कवच देवमाशाचं नव्हतंच, कासवांचं होतं. त्यामुळे तो तर्क गळाला.

निशाचरी

अवांतर, पण राहवत नाही. पाण्यात पोहणारी खरी गोम आग्नेय आशियातच आहे! स्कोलोपेंड्रा कॅटारॅक्टा. थायलंड, लाओस, व्हिएतनाममध्ये सापडते, नामकरण २०१६ साली झालं. वीसेक सेंटिमीटर लांब, ओढ्याच्या काठी दगडाखाली राहते आणि डिवचलं की जमिनीवर पळायच्या ऐवजी पाण्यात उडी मारून तळाशी धावते. गोड्या पाण्यातली आहे, समुद्रातली नाही. पण पाणी आणि गोम यांची जोडी तिथल्या माणसाला विचित्र वाटत नसेल.

शंकासुर

वीस सेंटिमीटर?? बाथरूममध्ये बोटभर निघाली तरी आमच्याकडे घर डोक्यावर घेतात. ही माहिती मी घरात सांगणार नाही.

हनोईत_सध्या

दर्यावर्दींचा मुद्दा मनात घोळत होता म्हणून आज एका ज्येष्ठ सहकाऱ्याशी बोललो. त्या हायफाँगच्या, घरात पिढ्यान् पिढ्या मासेमारी. विचारलं, तुमच्या गावात देवमाशाचं देऊळ आहे का? म्हणाल्या, नाही, ते दक्षिणेकडचं.

इथेच खरी मेख आहे. का ओंगची पूजा मुख्यतः थान्ह होआपासून खाली, मध्य आणि दक्षिण किनाऱ्यावर पसरलेली आहे. तिचं मूळ अभ्यासक चाम लोकांच्या पो रियाक या लाटांच्या देवाशी जोडतात. व्हिएतनामी लोक शतकानुशतकं दक्षिणेकडे सरकत गेले, तसा हा देव त्यांनी चामांकडून घेतला. हा लाँग मात्र अगदी उत्तरेला, चिनी सीमेजवळ. आखात उथळ, सुळक्यांनी अडवलेलं. तिथल्या माणसाला मोठ्या देवमाशाची हाडं धुवायची सवय असण्याचं कारण नाही. त्याच्याकडे होती ती न्गू तिन्हची गोष्ट.

म्हणजे फान थिएतच्या कोळ्याने तेच धूड पाहिलं असतं तर तो डोक्याला फडकं बांधून सुतकात बसला असता. हा लाँगच्या माणसाने त्यात गोम पाहिली.

खाडीकाठ

हनोईत_सध्या, मला हवं होतं ते उत्तर जवळजवळ मिळालं. एकच देश, एकच समुद्र, आणि मोठ्या मेलेल्या जिवाकडे बघायच्या दोन रीती. माझं मत आता असं बनतंय की धूड खरं होतं, बहुधा देवमाशाचं, आणि पाय गोष्टीतून आले. डोकं नसणंसुद्धा गोष्टीशी जुळतं. न्गू तिन्हचंही डोकं वेगळं आणि धड वाहत गेलेलं.

अजून एक पूरक गोष्ट. त्याच संग्रहात सांगितलंय की पाण्यात उतरणाऱ्या लोकांना जलसर्प त्रास देत, म्हणून राजाने त्यांना अंगावर जलचरांची चित्रं गोंदवायला सांगितली. त्या प्राण्यांना ते आपल्यातलेच वाटावेत म्हणून. ही चाल पुढे राजघराण्यापर्यंत होती. १२९९ साली त्रान घराण्यातल्या आन्ह तोंग राजाने गोंदवून घ्यायला नकार दिला, तिथून ती मागे पडत गेली. म्हणजे उत्तरेच्या किनाऱ्यावर समुद्रातल्या प्राण्याची भीती ही केवळ ऐकायची गोष्ट नव्हती. ती कातडीवर टोचून घेतलेली होती.

गलबत

थांबा, इतक्यात निकाल नको. पाय गोष्टीतून आले हे मान्य. पण तपकिरी आणि पिवळा रंग, ठोकल्यावरचा आवाज, ओढत नेऊन बुडवणं, यातलं काहीही गोष्टीत नाही. गोष्टीतला राक्षस माणसं खातो, रूपं बदलतो. या माणसाने त्यातलं एक अक्षर सांगितलं नाही. तो माप सांगतो, रंग सांगतो, वास सांगतो. हाताने पाहिलेला माणूस असंच बोलतो. गोष्टीने त्याची साक्ष झाकली असं म्हणताना त्याच्या हातावर अविश्वास दाखवू नका.

आणि मधला दुभाष्या विसरू नका. प्रश्न विचारणारा फ्रेंच अधिकारी, उत्तर देणारा वसाहतीतला गावकरी. 'पाय होते का?' असं विचारलं की 'काय होतं बाजूला?' असं विचारलं, यावर अर्धं उत्तर ठरतं. ते प्रश्न आपल्यासमोर नाहीत.

साखरखाडी

गलबतदादा, पत्र्याच्या आवाजाचं मला एक सुचतंय. मी वर लिहिलं तशी देवमाशाची कातडी उन्हात सुकली की ताठ होते. आत वायू भरलेला असतो, पोट फुगलेलं असतं. रेवदंड्याला पोरं लांबून छोटे खडे मारत होती (मोठ्यांनी नंतर हाकललं), आणि आवाज मांसावर पडल्यासारखा यायचा नाही, पोकळ यायचा. पत्र्यासारखाच होता असं छातीठोक म्हणणार नाही. पण वाजत होता हे नक्की.

गलबत

हे मात्र मला नवीन आहे, आणि पटण्यासारखं आहे. मग रंगाचाही प्रश्न सुटतो, कारण कातडी शिल्लक असणार. पण कातडी शिल्लक असेल तर कणा उघडा कसा दिसला आणि पेरं कशी मोजली? शिंपलाताई, दोन्ही एकाच वेळी होतं का?

शिंपला

होतं. कुजणं सगळीकडे सारखं होत नाही. पाण्यात तरंगताना वरची बाजू उन्हात सुकते, खालची मासे आणि शार्क तोडतात. शेपटीकडचा भाग आधी उघडा पडतो, तिथे मांस कमी असतं. वर ताठ कातडी आणि खाली-मागे उघडे मणके, असं अर्धवट धूड किनाऱ्याला लागू शकतं. सुकलेली कातडी मणक्यांवर आवळली तर वरूनही पेरं दिसतील, आणि दोन मण्यांमधली कूर्चा फुगली की पेराची लांबीही वाढलेली भासेल. दोन फूट होईल की नाही हे सांगत नाही, पण फूट-दीड फुटाच्या मण्यापासून ते फार लांब नाही.

मीठभाकर

इतका वेळ वाचून आता जायचंच ठरवलंय. दर्यावर्दी, देवमाशाचा उत्सव बघायचा तर कुठे आणि कधी?

दर्यावर्दी

हो ची मिन्ह शहराजवळ कान झॉ इथे न्गिन ओंग, म्हणजे देवमाशाला आणायला जाण्याचा उत्सव मोठा होतो. त्यांच्या आठव्या चांद्रमासाचा सोळावा दिवस. बहुतेक वर्षी आपल्या भाद्रपद पौर्णिमेचा दुसरा दिवस येतो, पितृपक्ष सुरू होतो तोच. सजवलेल्या होड्या समुद्रात जाऊन ओंगला निमंत्रण देऊन परत येतात. मात्र त्यांचा अधिक मास आपल्याहून वेगळ्या ठिकाणी पडू शकतो, २०२५ साली तर हा दिवस आपल्या कोजागिरीच्या पुढच्या दिवशी गेला. तेव्हा तिकीट काढण्याआधी तारीख पाहून घ्या. फान थिएत तिथून गाडीने जाण्यासारखं आहे, ते चुकवू नका.

हनोईत_सध्या

आणि उत्तरेला आलात तर हा लाँगच्या ठरलेल्या क्रूझवर सगळे दिवस घालवू नका. बाय तू लाँगच्या बाजूला गर्दी कमी आहे. विपू करा, त्या बाजूच्या होड्यांची माहिती देतो.